धर्मादाय खाते

पाडव्याला वहीपूजन आटोपले की सांगलीच्या आमच्या मामांच्या अडतीवर हमालांची रांग लागे. प्रत्येकाच्या हातावर पोस्त पडे, वर चिवडा नि दोन लाडू. देताना मामा हात आखडता घेत नसत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही गोष्ट दुष्ट मालकाची नाही. दुष्ट मालकाविषयी लिहिणे फार सोपे असते.

साल १९६२. मी शाळकरी पोरगा, सुट्टीत वह्या लिहायला पेढीवर बसत असे. त्या उन्हाळ्यात हरिपूरच्या पेवातून काढलेल्या हळदीचे पोते गाडीत चढवताना एक हमाल घसरला आणि त्याची मांडी मोडली. मामांनी त्याला मिरजेच्या इस्पितळात नेले, बिल भरले, चार महिने घरी जोंधळे पाठवले. पाडव्याला तो काठी टेकत आला. पोत्यामागे दोन पैसे हमाली वाढावी अशी हमालांची मागणी होती. व्यापाऱ्यांच्या बैठकीत मामांनी आपल्या बाजूने शब्द टाकावा, एवढेच त्याचे म्हणणे. मामा दुखावले. "तुझ्या पायापायी किती गेले ते वहीत बघ," म्हणाले. वही मीच उघडली. रक्कम धर्मादाय खाती पडलेली होती, माझ्याच अक्षरात.

तो म्हणाला, "मालक, तुमी दिलं ते जल्मात इसरणार न्हाई. पर ते माझं हुतं का तुमचं, येवढं सांगा."

कोणी बोलले नाही. मामांनी बैठकीत शब्द टाकला नाही. पोस्त मात्र त्याला दुप्पट मिळाली.

पुढे साताऱ्यात नोकरी करता करता मी कायदा शिकू लागलो, तो खरे म्हणजे बढतीच्या आशेने. तिथे १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा भेटला. कामावर हाड मोडले तर भरपाई हे मालकाचे देणे, हे इंग्रजी अमदानीतच ठरून गेले होते! मला वहीतली ती ओळ आठवली. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला: हमालाचा मालक कोण? सकाळी तो आमच्याकडे, दुपारी शेजारच्या पेढीवर, संध्याकाळी रेल्वेच्या धक्क्यावर. जो दहांचे ओझे वाहतो तो कोणाचाच नोकर नाही, असे म्हणायला वकील मोकळा.

याला उत्तर दिले ते महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने. पाटण तालुक्यातून मुंबईस गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली, आणि त्या संघटनेतली कितीतरी डोकी आपल्याच सातारा-सांगलीच्या खेड्यांतली. कायद्याची युक्ती मला आजही सुंदर वाटते. व्यापारी आणि हमाल दोघांनीही एका मंडळाकडे नोंद करायची. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली टक्केवारी मंडळात भरायची. भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पगार वगैरे त्यातून. आणि भरपाईपुरते, जिथे मंडळ मजुरी देते तिथे मंडळच मालक समजायचे. ज्याला धनी नव्हता त्याला कायद्याने धनी नेमून दिला.

मी हे मोठ्या उत्साहाने मामांना सांगितले. ते तेव्हा थकले होते. म्हणाले, "मंडळ त्याच्या घरी जोंधळे पाठवील काय?"

हा प्रश्न मला कोणत्याही पुस्तकाने विचारला नव्हता. मंडळ जोंधळे पाठवीत नाही. रात्री कंदील घेऊन कोणाच्या दारीही जात नाही. मामा गेले होते, आणि त्या जाण्यात खोट नव्हती. खोट असलीच तर एवढीच, की जे द्यायचेच होते ते दान म्हणून दिले गेले, आणि मग त्या दानाच्या मोबदल्यात हमालाचे तोंड मिटावे अशी अपेक्षा धरली गेली. मालकाचेही हक्क असतात. काम चोख मागावे, उचल वळती करावी, माल फोडला तर जाब विचारावा. पण देणेकऱ्याने कृतज्ञता कशी मागावी?

मी म्हटले, "जोंधळे तुम्हीच पाठवायचे, मामा. फक्त पायाचे पैसे त्या खात्यात लिहायचे नाहीत."

"मग कोणत्या?"

"मजुरीच्या."

त्यांनी अडकित्ता उचलला, बराच वेळ सुपारी कातरली, आणि शेवटी विचारले, "ती वही अजून माळ्यावर असेल का रे?"