जन्मगाव : विंडबर

१९२४ साली अमेरिकेत दोन गोष्टी दोन महिन्यांच्या आत घडल्या. मे महिन्यात अध्यक्ष कूलिज यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. १८९० च्या जनगणनेत एखाद्या देशात जन्मलेली जितकी माणसं अमेरिकेत होती, त्याच्या दोन टक्के एवढ्यांनाच यापुढे त्या देशातून दरवर्षी प्रवेश. ते वर्ष मुद्दाम शोधून काढलेलं होतं, कारण पूर्व आणि दक्षिण युरोपातल्या गरिबांचे लोंढे मुख्यतः त्यानंतरचे. आशियातल्या बहुतेकांना तर दारच बंद. आणि जुलैत, पॅरिस ऑलिंपिकमध्ये, त्याच नकोशा मुलखात जन्मलेल्या एका वीस वर्षांच्या पोराने अमेरिकेला पोहण्यात तीन सुवर्णपदकं मिळवून दिली.

जॉनी वाइसमुलर २ जून १९०४ रोजी फ्रायडॉर्फला जन्मला. तिमिशोआरा शहराला लागून असलेलं हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आज रुमानियात आहे. घरात जर्मन बोलली जाई. तो तान्हा असतानाच आईबाप बोटीने अमेरिकेत आले, पेन्सिल्व्हेनियातल्या विंडबर या कोळशाच्या गावी राहिले, तिथे धाकटा पीटर झाला, आणि मग बिऱ्हाड शिकागोला गेलं. इलिनॉय अ‍ॅथलेटिक क्लबमधल्या बिल बॅकरॅक या प्रशिक्षकाच्या हाताखाली जॉनी घडला. १९२२ मध्ये त्याने शंभर मीटर अंतर ५८.६ सेकंदांत कापलं. मिनिटाच्या आत ते कापणारा तो पहिलाच.

पॅरिसला जायचं तर पासपोर्ट हवा, आणि पासपोर्टाला जन्माचा पुरावा. जॉनीचा जन्म विंडबरचा, असं कागदावर आलं. तिथल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पीटरच्या नावाला मागाहून ‘जॉन’ जोडलेलं आढळतं. म्हणजे भावाचं जन्मगाव त्याने उसनं घेतलं, आणि मरेपर्यंत परत केलं नाही. १९८४ मध्ये मेक्सिकोत वारला तोवर जगाच्या लेखी तो अस्सल पेन्सिल्व्हेनियाचाच होता.

आपल्याला यात धक्का बसण्यासारखं फारसं नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख म्हणून १ जून टाकलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात पेन्शनीत निघाली. पण मास्तरांच्या त्या तारखेमागे भीती नव्हती. विंडबरच्या नोंदीमागे ती असावी, असं मला वाटतं. ज्या देशाने नुकतंच तुमच्या मुलखाला नको म्हटलं, त्याच्या झेंड्याखाली पोहायचं तर मूळ गाव बोलून चालत नाही.

पॅरिसच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत वाइसमुलरच्या मागे दुसरा आला ड्यूक काहानामोकू, हवाईचा. तो १८९० मध्ये जन्मला तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होतं. तो आठ वर्षांचा होईतो अमेरिकेने ते घशात घातलं. वाइसमुलर देशाकडे गेला, काहानामोकूकडे देश चालून आला. दोघांच्या छातीवर एकच झेंडा. पदकतालिकेत हे कुठेच दिसत नाही, म्हणून पदकतालिका मला नेहमीच थोडी लबाड वाटते.

१९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅमला आणखी दोन सुवर्ण, आणि १९३२ पासून टारझन. त्या भूमिकेत त्याने बारा चित्रपट केले. जंगलात वाढलेला इंग्रज उमरावाचा मुलगा, ज्याला धड वाक्य बोलता येत नाही. आणि ते तुटकं इंग्रजी बोलायला निवडलेला माणूस कोण, तर जर्मन बोलणाऱ्या घरातला, जन्मगाव लपवून बसलेला! हॉलिवूडला याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. टारझनची लाट मुंबईपर्यंत आली आणि १९३७ मध्ये वाडियांनी ‘तूफानी टारझन’ काढला.

पुढे काळ बदलला. ओडेसाचा लेनी क्रेझेलबर्ग सोव्हिएत पद्धतीच्या कडक तालमीत पोहायला शिकला आणि १९८९ मध्ये, ज्यू कुटुंबासह, लॉस एंजेलिसला आला. १९९५ मध्ये नागरिक झाला, २००० च्या सिडनीत बॅकस्ट्रोकची दोन्ही सुवर्णपदकं आणि मेडली रिलेचं तिसरं घेऊन गेला. त्याला ओडेसा लपवावं लागलं नाही. उलट ते कौतुकाने सांगितलं गेलं. शीतयुद्ध जिंकलेल्या देशाला तिथून आलेला विजेता हवाच होता.

मग आली युसरा मार्दिनी, आणि इथे सगळं उलटं झालं. दमास्कसची ही मुलगी सीरियाकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरलेली होती, वडीलच प्रशिक्षक. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तुर्कस्तानहून ग्रीसच्या लेस्बॉस बेटाकडे निघालेल्या खच्चून भरलेल्या रबरी होडीचं इंजिन बंद पडलं. युसरा, तिची मोठी बहीण सारा आणि आणखी दोघं पाण्यात उतरली आणि तीन तासांहून अधिक वेळ त्यांनी होडी बुडू दिली नाही. पुढच्याच वर्षी ती रिओला निर्वासितांच्या दहा जणांच्या पहिल्या संघात होती. शंभर मीटर बटरफ्लायमध्ये तिने आपली हीट १:०९.२१ अशी जिंकली, एकूण क्रमवारीत एकेचाळिसावी आली आणि स्पर्धेबाहेर गेली.

ही एकेचाळिसावी जागा मला महत्त्वाची वाटते, कारण ती कुणालाच नको असते. तिच्यावरच्या लेखांत होडी सविस्तर येते, वेळ एका ओळीत. निर्वासितांच्या संघात जायला ती आधी कचरत होती. दयेपोटी मिळालेली जागा तिला नको होती. जलतरणपटूला घड्याळाने मोजलेलं चालतं, हरवलेलंही चालतं. वाइसमुलरला पोहायला मिळावं म्हणून मूळ गाव पुसावं लागलं. हिला पोहायला मिळालं ते गाव सुटल्यामुळे. आसरा देणाऱ्यांना दोन्ही वेळा आपल्या सोयीची गोष्ट मिळाली. यातलं दुसरं अधिक माणुसकीचं आहे हे मी नाकारत नाही. पण उदारपणालाही आवडती पात्रं असतात, आणि ते साराच्या वाट्याला काय आलं यावरून कळतं.

सारा ऑलिंपिकला गेली नाही. जीवरक्षकाचं काम ती जाणत होती. ती लेस्बॉसला परतली आणि येणाऱ्या होड्यांमधल्या लोकांना मदत करू लागली. २०१८ मध्ये ग्रीक पोलिसांनी तिला अटक केली. माणसांची तस्करी, हेरगिरी असे आरोप ठेवले. शंभराहून अधिक दिवस ती कोठडीत होती, आणि जामिनावर सुटल्यावरही खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. युसरा त्याआधीच, २०१७ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची सदिच्छादूत झालेली होती.