अस्तेय आणि यंत्राचा पहारा

चोरीला वावच उरला नाही म्हणून जो चोरी करीत नाही, त्यास अस्तेयव्रती म्हणावे काय? रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. तेथील मराठी गृहस्थांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच राज्यात, या प्रश्नाला मूर्त रूप आले.

स्वस्त धान्य दुकानांसाठी निघालेला गोरगरिबांचा तांदूळ २००४-०५ च्या सुमारास छत्तीसगडात निम्म्याहून अधिक वाटेतच नाहीसा होत असे. ज्याँ द्रेझ व रीतिका खेरा या अर्थशास्त्रज्ञांचा हा अंदाज आहे; त्यांच्याच हिशेबाने २०११-१२ पर्यंत हे प्रमाण दहांत एकाच्या आसपास आले. दुकाने खाजगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था व महिलांचे बचत गट यांजकडे सोपविण्यात आली. धानखरेदीचा हिशेब २००७ पासून संगणकावर चढला. धान्याच्या मालमोटारींना पिवळा रंग दिला गेला, आणि मोटार वखारीतून निघाली की नाव नोंदविलेल्या नागरिकांच्या भ्रमणध्वनीवर तसा संदेश जाऊ लागला. पुढे २०१२ मध्ये रायपूर शहरात कार्डधारकास हव्या त्या दुकानातून धान्य घेण्याची मोकळीक मिळाली. मापात मारणाऱ्याकडे पाठ फिरवून दुसऱ्या दुकानी जाणे गरिबाला प्रथमच शक्य झाले. या सर्व उपायांत हाच अधिक मार्मिक म्हटला पाहिजे.

अशा बाह्य बंधनास तुच्छ लेखणारे साधक आढळतात. शास्त्रकारांनी मात्र तसे केलेले नाही. मनूने राजाला दर सहा महिन्यांनी वजने-मापे तपासावयास सांगितले, आणि कौटिल्याने अधिकाऱ्यांच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून ठेवले. मनुष्याच्या सद्‌वृत्तीची वाट पाहत भुकेल्याचे पोट थांबत नाही, हे ते जाणत होते. दुकानदाराने भयाने पुरता तांदूळ दिला काय किंवा धर्मबुद्धीने दिला काय, चुलीवर शिजणारा भात तोच.

परंतु प्रश्न भाताचा नसून देणाऱ्याचा असेल, तर उत्तर पालटते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्यास मिथ्याचारी म्हटले आहे. यंत्राच्या धाकाने आवरलेला हात याच जातीचा. असे मन स्वस्थ बसत नाही, दुसरी वाट शोधते. फेब्रुवारी २०१५ मध्ये छत्तीसगड नागरिक आपूर्ति निगमावर राज्याच्या भ्रष्टाचारविरोधी खात्याने छापे घातले. हलक्या प्रतीचा तांदूळ स्वीकारण्यासाठी गिरणीवाल्यांकडून लाच घेतली जाते, असा आरोप होता. त्याचा निवाडा न्यायालयाचा विषय आहे. येथे एवढेच पाहावयाचे की पोत्यांची संख्या आणि मोटारीची वाट यांवर कितीही नजर ठेवली, तरी पोत्यातला दाणा कसा आहे याचा निर्णय कोणा माणसाच्याच हाती राहतो. त्याच अध्यायात, देवांनी दिलेले त्यांस अर्पण न करता एकट्यानेच भोगणाऱ्यास चोर म्हटले आहे. त्या अर्थाने पाहिल्यास कागदोपत्री निर्दोष असलेला पुष्कळसा व्यवहार चोरीत मोडेल. सुस्थितीत असूनही गरिबाचे कार्ड बाळगणारा गृहस्थ यंत्रावर आपलाच अंगठा टेकवितो, आणि यंत्र तो खरा म्हणून मान्य करते.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. मजुरी करून ज्याच्या बोटांवरील रेषा झिजल्या, त्या म्हाताऱ्याचा खरा अंगठा पुष्कळदा यंत्राला ओळखू येत नाही. कारण चोराला अडविण्याकरिता लावलेली कडी, ज्याच्यासाठी घर बांधले त्यालाही बाहेर ठेवू शकते. अशा वेळी दुकानदारापुढे दोन मार्ग असतात. ‘यंत्र घेत नाही, उद्या या’ म्हणून त्यास परत धाडले तर कोणी दोष देणार नाही. आडवाटेची जी शासकीय सोय असेल ती धुंडाळून, वरिष्ठांकडे खेटे घालून त्याचे धान्य त्यास मिळवून द्यावयाचे, तर वेळ मोडतो आणि लाभ काहीच नाही. यांपैकी कोणता मार्ग त्याने धरला, याची नोंद यंत्रात होत नाही.