खड्ड्यातला खुंट

धाकट्या भावाचा पोरगा पुण्यात कर्वेनगरला तिघांत मिळून एका खोलीत राहतो. डोळे तपासायला गेलो की माझा मुक्काम त्याच्याकडेच. गेल्या खेपेला रात्रीचे बारा वाजले तरी गडी कॉम्प्युटरपुढून उठेना. वाकून पाहिलं तर पडद्यावर हिरव्या चौकोनांची वाकळ. आडव्या सात ओळी, उभे बावन्न-त्रेपन्न रकाने, वर्षातल्या एकेका दिवसाला एक चौकोन. गिटहब म्हणून जागा आहे, तिथं प्रोग्राम लिहिणारी मंडळी आपलं काम ठेवतात. ज्या दिवशी काम केलं तो चौकोन हिरवा, जास्त केलं तर गडद. म्हणजे मस्टरच की! नोकरी देणाऱ्यांतले काहीजण आधी हे बघतात म्हणे.

"तासापूर्वी सगळं कोरं होतं, नाना," तो म्हणाला.

मित्राकडून त्यानं एक अवजार आणलेलं. कामाची नोंद ठेवणारा गिट नावाचा प्रोग्राम तारखेची खातरजमा करत नाही, तुमचं मशीन सांगेल ती लिहून घेतो. हे अवजार एका फाइलीत फालतू ओळी घालत जातं आणि प्रत्येक ओळीला मागची तारीख चिकटवतं. शनिवार-रविवार सोडायची सोयसुद्धा त्यात आहे. खरं वाटावं म्हणून सुट्टीही खोटी. पोरानं दिवाळी कोरी ठेवलेली, अन् म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाचे दोन दिवसही. मला हसू आलं, अन् लगेच गेलं.

"हे खोटं न्हाई का?"

"काम केलंय की, नाना. दोन वर्षं रात्रीचा दिवस केला. पण ते सगळं कंपनीच्या कुलपात. सोडताना लॅपटॉपपण काढून घेतला. आता दाखवू काय?"

यावर मला बोलता आलं नाही, कारण मला 1972 आठवलं. आमच्या माण तालुक्यात दुष्काळी कामं निघालेली. रोजगार हमीचा कायदा व्हायचा होता, तो 1977 चा. आई बंडिंगवर जायची. मजुरी मोजमापावर, आणि मोजता यावं म्हणून खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खोदता ठेवायचा. खुंट जेवढा उंच तेवढी खोदाई. आईच्या वाट्याला मुरूम आलेला. दिवसभर टिकाव मारून घोट्याएवढं खोल जाईना, अन् दर मात्र मऊ मातीचाच. एका दुपारी तिनं मला वाळल्या कुसळाचं ढेकूळ आणायला लावलं, खुंटाच्या डोक्यावर बसवलं आणि पिण्याच्या तांब्यातलं पाणी शिंपडून सांधा बुजवला. त्या वर्षी ते पाणी! मोजणीला आलेल्या साहेबांनी ओली रेघ पाहिली. माझ्याकडेही पाहिलं. आणि टेप लावून आकडा लिहिला. रात्री मिलोची भाकरी पोटभर खाल्ली. मी अकरा वर्षांचा होतो. ती खोटी होती असं मला कधीच वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मग पोराचंच का टोचावं? त्याचाही खड्डा खराच खोदलेला, फक्त दुसऱ्याच्या वावरात. टेप लावणाऱ्याला तो दिसत नाही, म्हणून यानं खुंट उभा केला. मापच चुकीचं असेल तर मापाला फसवणं ही फसवणूक कितीशी? इथवर मी त्याच्या बाजूचा.

पण आईच्या ढेकळानं दुसऱ्या बाईची मजुरी कापली गेली नाही. इथं जागा एक, रांगेत पोरं शंभर. त्यांत एखादा विट्याचा, जतचा, रात्री जागून खरेखुरे चार फिकट चौकोन जमवलेला. त्याच्यापुढं हा उभा राहणार, अख्खं वर्ष हिरवं करून. हे सगळं मी त्याला सांगितलं, ढेकळासकट. तो बराच वेळ गप्प बसला.

"मग पुसू का, नाना?"

पूस म्हणायला हवं होतं. त्याच्या खोलीचं भाडं थकलंय हे भावानं मला निघतानाच सांगितलं होतं. "तुझं तू बघ," म्हणालो आणि कूस बदलली.

सकाळी बाणेरला मुलाखत होती. मी खाली चहाच्या टपरीवर थांबलो. दोन तासांनी आला.

"विचारलं का चौकोनांचं?"

"न्हाई. नुसतं म्हणाले, बरेच ॲक्टिव्ह दिसताय."

चहाचे पैसे त्यानं काढले. मी देऊ दिले.