जामीनदाराची पत

पारशिवनीच्या फौजदारी कोर्टात जामीन मंजूर झाला, म्हणजे काम अर्धेच झाले. उरलेले अर्धे गावात व्हायचे असते. सातबारा कोणाच्या नावावर आहे, तो माणूस तारखेला तालुक्याला येईल का, आणि तो तयार झालाच तर त्याच्या घरचे त्याला येऊ देतील का?

घरच्यांची भीती खोटी नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही जामीनदाराचे ओझे जुन्या कायद्याइतकेच आहे. आरोपी तारखेला आला नाही की बंधपत्र जप्त होते आणि जामीनदाराला नोटीस निघते. रक्कम भरली नाही तर ती दंडासारखी वसूल होते. तीही वसूल होण्यासारखी नसेल, तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. कारणे नोंदवून कोर्ट काही रक्कम सोडू शकते, आणि बंधपत्र जप्त होण्याआधीच जामीनदार वारला तर त्याच्या मिळकतीला धक्का लागत नाही. जिवंतपणी सुटायचा मार्गही आहे. ‘मला मोकळे करा’ असा अर्ज द्यायचा. पण त्या अर्जावर आरोपीच्या अटकेचे वॉरंट निघते, म्हणजे जमीन वाचते आणि सोयरीक जाते. एवढे सगळे सही करताना त्याला कोणी समजावून सांगते का? वकिलाच्या टेबलावरची घाई पाहता, क्वचितच.

चीनमध्ये जामीनदाराकडे वेगळेच काही मागतात. तिथे रोख अनामत किंवा जामीनदार, दोन्हींपैकी एकच घेता येते. जामीनदाराचा खटल्याशी संबंध नसावा, त्याला कायमचा पत्ता आणि ठरलेले उत्पन्न असावे. त्याचे खरे काम मात्र पाळत ठेवण्याचे. आरोपी परवानगीशिवाय गाव-शहर सोडतो आहे, साक्षीदारांना भेटतो आहे असे दिसले, किंवा तसे घडेल असे वाटले, तरी पोलिसांना कळवायचे. नाही कळवले तर त्यालाच दंड. आपल्याकडे शेजाऱ्याची जमीन अडकवतात, तिथे त्याचे डोळे. मला आपली रीत बरी वाटते, कारण भावाला भावाचा खबऱ्या करणारा कायदा घरच पोखरतो.

तरी आपल्या रीतीने माणूस मोजायचे सोडून कागद मोजायला घेतले आहेत. कन्हान-गोंडेगावच्या कोळसा पट्ट्यात निदान पगारपत्रक तरी सापडते. कोलितमाऱ्याकडच्या जंगलात काय सापडणार? 2006 च्या कायद्याने मिळालेला वनहक्काचा पट्टा वारसाने मुलाकडे जातो, पण विकता येत नाही. अशा जमिनीची ऐपत कोणी किती धरावी? मग ज्याला आरोपीचे गावही ठाऊक नाही असा एखादा सातबारावाला पैसे घेऊन उभा राहतो. आरोपी पळाला तर त्याला शोधायला तो जाणार आहे थोडाच!

1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात मध्य प्रदेशातल्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीन मागितला, आणि मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याच्या भावाला नाकारले. न्या. कृष्ण अय्यर यांनी ती रक्कम एक हजारावर आणली आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट चुकीचा ठरवला. पारशिवनी तालुक्याची हद्द छिंदवाड्याला भिडलेली. इथे कित्येकांचा मामा, साळा राज्याच्या रेषेपलीकडे असतो. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सुचवावे लागले, की सुटका रखडत असेल तिथे स्थानिक जामीनदाराची अट घालू नये. पुढच्याच वर्षी, तेरा गुन्ह्यांत जामीन मिळूनही तेवढे जामीनदार न मिळालेल्या एका आरोपीला, न्या. गवई व न्या. विश्वनाथन यांनी तेच जामीनदार अनेक गुन्ह्यांत चालतील अशी मुभा दिली. त्या निकालाचे म्हणणे असे, की जामीनदार बहुधा नातलग किंवा जुना मित्रच असतो, आणि असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

खरे तर संहितेला फक्त ऐपत अभिप्रेत नाही. जामीनदार पुरेसा आहे का, याच्या जोडीने तो योग्य आहे का, हेही कोर्टाला तपासता येते, त्यासाठी शपथपत्र घेता येते, चौकशी करता येते. ज्याच्या शब्दाला आरोपी बिचकतो असा भूमिहीन चुलता हा योग्य जामीनदार का नसावा? हा प्रश्न टेबलावर यायच्या आत कारकुनाने सातबारा मागितलेला असतो.