ही वर्षे वाया गेली का?

आयुष्याकडे मागे वळून पाहताना आपल्यापैकी अनेकांना एक खंत वाटते. एका गावी शिकलो, दुसऱ्या गावी नोकरी धरली, ती सोडून तिसरेच काम घेतले. बरोबरीचे लोक एका जागी राहून मोठे झाले आणि आपण फिरतच राहिलो. ही वर्षे वाया गेली का? घाईने उत्तर देण्याआधी एक आयुष्य पाहूया.

पीटर साफर यांचा जन्म १९२४ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. आईच्या घराण्यात ज्यू पूर्वज असल्याने नाझी राजवटीत कुटुंबाचे हाल झाले. तरुण पीटर यांना सक्तमजुरी करावी लागली. १९४८ मध्ये ते डॉक्टर झाले आणि शल्यचिकित्सा शिकण्यासाठी अमेरिकेत गेले. पुढे ती वाट सोडून त्यांनी भूलशास्त्र घेतले. मग पेरू देशातील लिमा, नंतर बाल्टिमोर आणि १९६१ मध्ये पिट्सबर्ग. प्रत्येक ठिकाणी नवी माणसे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पण भूलतज्ज्ञाचे रोजचे काम काय असते? निपचित पडलेल्या माणसाचा श्वास चालू ठेवणे. साफर यांच्या मनात प्रश्न आला, की हे शस्त्रक्रियागृहात जमते, तर रस्त्यात कोसळलेल्या माणसासाठी का जमू नये? तेव्हा पाठ दाबणे आणि हात वर उचलणे अशा जुन्या पद्धती शिकवल्या जात. त्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवले, की त्याने पुरेशी हवा आत जातच नाही. डोके मागे झुकवून, हनुवटी उचलून तोंडाने श्वास दिला तर ती जाते, आणि हे सामान्य माणूसही करू शकतो. १९६० मध्ये बाल्टिमोरमधीलच इतर संशोधकांनी छाती दाबण्याची पद्धत मांडली. दोन्ही मिळून आजचे सीपीआर झाले.

१९६६ मध्ये त्यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्यानंतर वारली. हृदय पुन्हा सुरू झाले होते, मेंदू वाचला नाही. जगाला श्वास द्यायला शिकवणाऱ्या पित्यावर हे दुःख आले. ते कडवट झाले असते तरी कोणी दोष दिला नसता. पण मेंदू कसा वाचवता येईल, याच्या शोधाला त्यांनी उरलेले आयुष्य दिले.

त्या काळी पिट्सबर्गमध्ये आजाऱ्यांना बहुधा पोलिसांच्या गाडीतून नेत आणि वाटेत उपचार होत नसत. १९६७ मध्ये फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिच्यासाठी साफर यांनी शहरातील कृष्णवर्णीय वस्तीतले तरुण शिकवून तयार केले. त्यांतील अनेकांना धड नोकरी नव्हती. समाजाने त्यांना निरुपयोगी ठरवले होते. त्याच हातांनी रस्त्यावर प्राण वाचवले. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू करून फ्रीडम हाउस बंद केले आणि त्यातल्या अनेकांना बाजूला सारले गेले. चांगल्या कामाचे श्रेय मिळतेच असे नाही. पण त्यांनी वाचवलेले प्राण त्यामुळे कमी मोलाचे ठरत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फिरणे आपोआप सार्थकी लागत नाही. काम कठीण झाले म्हणून सोडणे वेगळे, आणि दुसरीकडे गरज दिसली म्हणून सोडणे वेगळे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. फरक फक्त आपल्यालाच ठाऊक असतो. म्हणून स्वतःशी प्रामाणिक राहून विचारा: इथे जे शिकलो, ते कोणाच्या उपयोगी पडेल? उत्तर सापडले, तर मागची वर्षेही त्या उत्तराची तयारी ठरतात. पळून घालवलेली वर्षेसुद्धा आजपासून उपयोगी लावता येतात.

आज रात्री शांत बसून आपण केलेली कामे एका कागदावर लिहा. प्रत्येकासमोर त्यातून हाती आलेले एक कौशल्य लिहा. मग एखाद्या प्रशिक्षणात सीपीआर शिकून घ्या. कोणी कोसळले, हाक मारूनही उत्तर देत नसले आणि नीट श्वास घेत नसले, तर १०८ ला फोन करायचा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबायचे. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर काही मिनिटांतच इजा होऊ लागते. त्या क्षणी आपण किती गावे फिरलो हे कोणी विचारत नाही. आपण तिथे आहोत आणि आपल्याला येते, एवढेच पुरेसे असते.