ठसा आणि कित्ता

हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीच्या कला संग्रहालयात एका शिलालेखाचा ठसा जपून ठेवला आहे. ज्या दगडावरून तो घेतला, तो दगड आज कुठेच नाही. हुआशान पर्वताच्या मंदिरासाठी इ. स. 165 मध्ये कोरलेला तो लेख सोळाव्या शतकात शेन्शी प्रांताच्या भूकंपात नष्ट झाला, असे मानले जाते. उरले ते चार जुने ठसे: दोन बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात, एक टोकियोच्या सुलेखन संग्रहालयात आणि हा चौथा. हान काळातले ते अक्षर कसे होते हे पाहायचे, तर या कागदांखेरीज दुसरा मार्ग नाही. तरीही ठशाला आपण सहज ‘नक्कल’ म्हणून मोकळे होतो. मला हे मान्य नाही. ठसा म्हणजे दगडाच्या आयुष्यातल्या एका दिवसाची नोंद आहे आणि संग्रहालयांनी तो नोंद म्हणूनच मांडला पाहिजे.

त्याचे कारण ठसा घेण्याच्या रीतीतच आहे. ओलसर पातळ कागद दगडावर अंथरतात आणि ब्रशने ठोकून कोरीव खाचांत बसवतात. तो जरा सुकत आला की शाईची पुरचुंडी वरून हलक्या हाताने थोपटतात. खाचेत उतरलेला कागद कोरा राहतो, म्हणून काळ्या भुईवर पांढरे अक्षर उठते. शाई कागदाच्या वरच्या अंगाला लागत असल्यामुळे ते सुलटेच वाचता येते. हाताने नक्कल करणारा माणूस पुसट अक्षर स्वतःच्या समजुतीने पुरे करतो. ठसा ते पुसटच ठेवतो. अक्षराबरोबर तडा येतो, उडालेला टवका येतो, झीजही येते. कोणते अक्षर कधी फुटले हे ताडून चिनी अभ्यासक ठशाचा काळ ठरवतात तो यामुळेच. पाचशे वर्षांपूर्वीच्या ठशात शाबूत असलेले अक्षर आज प्रत्यक्ष दगडावर नसेल, तर मुळाच्या जवळचे कोण, दगड की कागद?

चीनमध्ये ठशाला दुसरेही आयुष्य लाभले: तो कित्ता झाला. 992 साली सोंग सम्राट ताइत्सोंगच्या आज्ञेवरून दरबारी संग्रहातली नामांकित हस्ताक्षरे कोरवून घेतली गेली आणि त्यांच्या ठशांचे दहा खंड तयार झाले. त्यांतल्या चार खंडांसाठी शांघाय संग्रहालयाने 2003 मध्ये 45 लाख डॉलर मोजले. सुलेखनकार वांग शीचीने 353 साली लिहिलेल्या ‘लानतिंग’ प्रस्तावनेचे मूळ हस्तलिखित तांग सम्राट ताइत्सोंगबरोबर पुरले गेले, अशी परंपरा सांगते. तरी तेच अक्षर शतकानुशतके ठशांवरून गिरवले गेले. 672 सालची एक शिला तर त्याहून बोलकी आहे. पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन करणारा म्हणून आपल्या ओळखीचा असलेला ह्युएनत्संग, त्याच्या भाषांतरांना तांग सम्राटाने लिहिलेली प्रस्तावना तिच्यावर आहे. तिच्यातली अक्षरे मात्र सुमारे तीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या वांग शीचीची. हुआइरेन नावाच्या भिक्षूने ती एकेक करून जमवली. म्हणजे इथे दगडच कागदावरून घडला. मूळ वर आणि प्रत खाली, ही उतरंड या परंपरेला लागूच पडत नाही.

यावर तीन आक्षेप घेता येतात. पहिला असा, की कित्त्याच्या सोयीसाठी ठशाच्या पट्ट्या कापून वह्या बांधत, त्यामुळे शिलेची मूळ मांडणी हरवते; शिवाय लेख नव्याने कोरून बनावट ठसे काढण्याचा धंदाही जुना आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण बनावट ओळखू येते ती अनेक ठसे शेजारी ठेवून तडे आणि टवके जुळवल्यावरच. उपाय संग्रहातच असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वारंवार ठोकल्याने दगड झिजतो आणि आता त्रिमितीय स्कॅनिंग उपलब्ध आहे. नाजूक शिलांवरून नवे ठसे घेऊ नयेत, हे मी निःसंकोच मान्य करतो. पण स्कॅनरला आजचा दगड दिसतो. मिंग काळातला दगड फक्त कागदावर उरला आहे. तिसरा आक्षेप असा, की ही सारी धनिक संग्राहकांची हौस होती. होतीही. पण त्या हौसेने जे वाचवले त्यावर आता सर्वांचा हक्क आहे, आणि तो प्रत्यक्षात आणणे हे संग्रहालयाचे काम आहे.

ते करायचे, तर सर्वांत देखणा ठसा एकटा काचेत टांगून भागणार नाही. एकाच शिलेचे वेगवेगळ्या काळांतले ठसे शेजारी लावावेत, म्हणजे तडा कसा वाढत गेला हे पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल. आपल्याकडेही शिलालेखांच्या वाचनासाठी ठसे घेतले जातात. वाचन छापून झाले की काम संपले, असे त्यांच्याबाबत समजू नये. झिजत चाललेल्या लेखाचा जुना ठसा उद्या एकमेव साक्षीदार ठरू शकतो.

हाँगकाँगच्या त्या हुआशान ठशातली दोन पाने गहाळ होती. एकोणिसाव्या शतकातला सुलेखनकार चाओ ची-छ्येन याने अक्षरांच्या बाह्यरेषा काढून ती पुरी केली. दगड जाऊन तेव्हा सुमारे तीनशे वर्षे लोटली होती, आणि तरीही त्याचे वळण एक नवा हात शिकत होता.