पटाची दुसरी बाजू

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीला माझा एक जुना विद्यार्थी घोडेगावहून जुन्नरला आमच्याकडे आला. फराळाची ताटे बाजूला सारून आम्ही बुद्धिबळाचा पट मांडला.

पांढरी मोहरी माझी. शिरस्त्याप्रमाणे मी मधली प्यादी दोन-दोन घरे पुढे धाडली. त्याने मात्र राजाकडच्या घोड्यासमोरचे प्यादे एकच घर सरकवून त्याच्या मागे उंट बसवला. मी हसलो. ‘‘ही काय खेळायची रीत झाली?’’

‘‘आजोबांनी असंच शिकवलंय, सर.’’

डाव मी जिंकला, आणि घरात ज्याला-त्याला सांगितलाही.

चाली वहीत टिपून ठेवण्याची मला खोड आहे. रात्री निजानीज झाल्यावर मी डाव पुन्हा मांडला; खरे तर स्वतःचे कौतुक पाहायला! सहज म्हणून त्याच्या बाजूने बसलो. अठराव्या चालीला मी मधला घोडा हलवला होता आणि त्याच्या उंटापासून माझ्या कोपऱ्यातल्या हत्तीपर्यंतची तिरकी वाट सताड उघडी पडली होती. हत्तीला राखण नव्हती. माझ्या खुर्चीवरून हे मला दिसलेच नव्हते.

पुस्तक काढले. त्या मांडणीला चक्क ‘इंडियन डिफेन्स’ म्हणतात! 1850 च्या सुमारास कलकत्त्यात महेशचंद्र बंदोपाध्याय हे जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराशी असेच खेळत; त्या डावांवरून हे नाव पडले. जुन्या देशी रीतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चाले. त्यातूनच ही सवय आली असावी. आजोबांचे काहीच चुकले नव्हते.

मग माझा विजय खरा की खोटा? नियमाने खराच. समोरच्याची चूक आपल्या पथ्यावर पडली, तर त्यात पाप नाही. तरीही मन स्वस्थ होईना.

भाऊबीजेला तो बहिणीकडे जुन्नरला आला, तेव्हा मी तीच स्थिती मांडून दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘सर, तुम्ही हसलात ना, मग त्या उंटाकडे मी पाहिलंच नाही.’’

माझी चूक अठराव्या चालीची नव्हती. ती पहिल्या दोन-तीन चालींतच झाली होती, आणि वहीत तिची नोंद नव्हती. वर्गात बसलेल्या किती मुलांचे उंट मी असे हसून बसवून ठेवले असतील?

यंदा तो आला, की काळी मोहरी मी घेणार आहे. त्याच्या आजोबांच्या रीतीने खेळून पाहीन.